बिनपैशाच्या राज्याचा पोतनीस

ज्या राज्यात नाणे पडत नाही, पगाराचा दिवस उगवत नाही आणि ‘नफा’ हा शब्द केवळ परग्रहावरील एका लंबकर्ण, लोभी जमातीस उद्देशून नाक मुरडून उच्चारला जातो, त्या राज्याच्या अर्थकारणावर गेल्या साठेक वर्षांत जितका खल झाला, तितका खल खरीखुरी नाणी खुळखुळवणाऱ्या कित्येक देशांच्या वाट्यास आला नसेल. हे राज्य म्हणजे ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकन मालिकेतला संयुक्त ग्रहसंघ. ८ सप्टेंबर १९६६ रोजी एनबीसी वाहिनीवरून त्याचे ‘एंटरप्राइज’ हे गलबत आकाशात लोटले गेले. त्याचा कर्ता जीन रॉडनबेरी हा आधी युद्धातला वैमानिक, मग लॉस एंजेलिसच्या पोलीस खात्यातला अंमलदार आणि शेवटी पटकथालेखक, अशा तीन खात्यांचा अनुभव गाठीस बांधून राज्यस्थापनेस सिद्ध झालेला गृहस्थ होता. आपल्याकडे दूरदर्शनने १९८०च्या दशकात ही मालिका दाखवली. तेव्हा ज्यांनी ती पाहिली त्यांतले बरेच जण आता सेवानिवृत्त आहेत, आणि सेवानिवृत्त माणसाला वादासाठी जितका अवकाश असतो, तितका प्रत्यक्ष अवकाशातही नसावा.

वादाचा पहिला आणि अक्षय विषय म्हणजे पैसा. १९८६च्या चित्रपटात कप्तान कर्क कालप्रवास करून त्याच सालच्या सॅन फ्रान्सिस्कोत उतरतो, तेथील एका विदुषीसह पिझ्झा खातो, आणि बिल समोर आल्यावर आपल्या शतकात पैसा वापरीत नाहीत ही वार्ता तिला देऊन ते तिलाच भरावयास लावतो. दहा वर्षांनी निघालेल्या चित्रपटात मालिकेच्या पुढल्या अवतारातला कप्तान पिकार्ड हेच वचन अधिक गंभीर मुद्रेने सांगतो: संपत्तीचा संचय हे आता मानवी जीवनाचे प्रयोजन उरलेले नाही. एवढ्यावर प्रकरण निकालात निघावयाचे. परंतु चाहत्यांचे दफ्तर फार चोख असते. १९६७च्या एका भागात केसाळ, घुरघुरणाऱ्या ट्रिबल नामक प्राण्याची किंमत ‘क्रेडिट’ या चलनात चक्क घासाघीस करून ठरते. १९९१च्या चित्रपटात मुख्य अभियंता स्कॉटी आपण नुकतीच एक होडी विकत घेतल्याचे सांगून मोकळा होतो. ती त्याने कशाच्या मोबदल्यात घेतली, याची नोंद कोठेच नाही. पिकार्डच्या घराण्याचा फ्रान्समध्ये वडिलोपार्जित द्राक्षमळा आहे. ज्या समाजातून मालमत्तेचा मोह समूळ नष्ट झाला, तेथे त्या मळ्याचा सातबारा कोणाच्या नावावर आहे, आणि उद्या शेजाऱ्यालाही तोच मळा हवासा वाटला तर त्याचा फैसला कोणत्या कचेरीत होतो? कप्तान सिस्कोचे वडील न्यू ऑर्लिन्समध्ये खानावळ चालवतात. गिऱ्हाईक पोटभर जेवून, काही न देता हात हलवीत निघून जाते हे आपण एकवेळ मान्य करू. पण तेथली भांडी कोण विसळतो, आणि आत्मविकासाच्या कोणत्या पायरीवर असताना माणसास दुसऱ्याची खरकटी भांडी विसळण्याची ऊर्मी येते, हा प्रश्न बरीच वर्षे अनिर्णित आहे.

या प्रश्नापाशी चाहत्यांचे दोन संप्रदाय होतात. पहिल्याचे म्हणणे असे की, रेप्लिकेटर नावाच्या यंत्रातून मागेल ती वस्तू प्रकट होऊ लागल्यावर टंचाई संपली, टंचाई संपली म्हणून किंमत संपली, आणि किंमत संपल्यावर उरली ती केवळ प्रतिष्ठा. मानू सादिया यांनी २०१६ मध्ये ‘ट्रेकोनॉमिक्स’ या नावाचा एक आख्खा ग्रंथच या विषयास वाहिला आहे. दुसरा संप्रदाय अधिक कडवट. तो विचारतो की, या राज्याचे आम्हांस जे दर्शन घडते ते सदैव आरमाराच्या खिडकीतूनच का घडते? पिकार्ड १९८९च्या एका भागात आमचे दल लष्करी नव्हे असे बजावतो. मात्र त्याच दलात कप्तान आहेत, ॲडमिरल आहेत, लष्करी न्यायासन आहे, आणि शांततेच्या संशोधनास निघालेल्या प्रत्येक यानाच्या पोटात टॉर्पेडोंची भरपूर तरतूद आहे. संघाचा अध्यक्ष पॅरिसमध्ये बसतो. त्याच्या दालनातून आयफेल मनोरा दिसतो, पण निवडणुकीची सभा, फाटलेले पत्रक किंवा अनामत गमावलेला उमेदवार यांचे दर्शन दुर्मिळ. सारांश, एकाच्या मते हा परिपूर्ण समाजवाद, तर दुसऱ्याच्या मते ही फुकट चहा पाजणारी लष्करशाही. आणि दोघेही आपापल्या पक्षास पुरावा म्हणून बहुधा एकाच भागाचा दाखला देतात.

मला या वादात जी गोष्ट विलक्षण मौजेची वाटते ती अशी की, पैसा नसलेल्या या राज्यातली एकूण एक व्यवस्था पैशाच्या अभावानेच घडवलेली आहे. ग्रहसंघाची घटना कोणी तत्त्वज्ञाने लिहिली नाही; ती डेसिलू नामक स्टुडिओच्या पोतनिसाने जमाखर्चाच्या वहीत, खर्चाच्या बाजूस तांबडी शाई वापरून लिहिली. दर आठवड्याला एवढे थोरले यान नव्या ग्रहावर उतरलेले दाखवावयाचे तर कंपनीचे दिवाळे वाजले असते. म्हणून यान वर कक्षेतच ठेवून माणसांना विरघळवून खाली पाठवण्याची तजवीज झाली, आणि ॲल्युमिनियमच्या चुऱ्यावर झोत टाकून चित्रित केलेल्या त्या चमचमाटातून ट्रान्सपोर्टर हे मानवजातीचे महत्तम यंत्र जन्मास आले. १९६६च्या एका भागात हे यंत्र बिघडते आणि खालच्या ग्रहावर सुलू व त्याचे सहकारी थंडीने गारठू लागतात; यानात लहान होडकी असताना एकही खाली का धाडली नाही, या प्रश्नावर चाहत्यांनी वादळांची, चुंबकीय क्षेत्रांची आणि देखभालीच्या वेळापत्रकांची नाना कारणे शोधली. खरे कारण इतकेच की ते होडके सुताराकडून अजून यावयाचे होते. ते पडद्यावर आले जानेवारी १९६७ मध्ये. डॉक्टर मॅकॉय ज्या चिमुकल्या उपकरणांनी मरणोन्मुख माणसे उठवून बसवतो, त्यांतली काही मुळात मिठाच्या डब्या होत्या. एका भागासाठी त्या विकत आणल्या. त्या भागातल्या मिठाच्या डब्या म्हणून त्या कोणी ओळखणार नाही इतक्या आधुनिक दिसल्या. आणि आणलेली वस्तू वाया जाऊ द्यावयाची नाही, या पोतनिसी धर्मास अनुसरून त्या वैद्यकशास्त्रात वर्ग करण्यात आल्या.

हे चाहत्यांना ठाऊक नसते असे नव्हे. ते पुरते ठाऊक असते. परंतु सभेत पोतनिसाचे नाव काढणे हा या पंथात मोठा अविनय समजला जातो. उत्तर द्यावयाचे ते ग्रहसंघाच्या हद्दीत राहूनच द्यावयाचे, असा येथील शिरस्ता आहे, आणि तो पाळताना ही मंडळी जे बुद्धिवैभव प्रकट करतात ते पाहून परस्परविरोधी स्मृतिवचनांची एकवाक्यता साधणाऱ्या आपल्या जुन्या टीकाकारांनीही पगडी उतरवावी. क्लिंगॉन या लढवय्या जमातीचेच पाहा. १९६०च्या दशकात क्लिंगॉनाच्या कपाळावर भुवयांखेरीज काही नव्हते; १९७९ मध्ये चित्रपट निघाला, रंगभूषेच्या खात्यावर भरघोस रक्कम पडली, आणि त्या जमातीच्या भाळी एकाएकी हाडांचे वरंबे उमटले. पुढे १९९६च्या एका भागात नव्या घडणीचा क्लिंगॉन वॉर्फ जुन्या सपाट कपाळांच्या समोर येतो, सहकारी त्याच्याकडे टकमक पाहू लागतात, आणि तो इतकेच म्हणतो की, परक्यांशी आम्ही हा विषय काढीत नाही. एवढ्या खानदानी उत्तरावर कोणीही समाधान मानले असते. पण टीकाकारांचा तगादा थांबेना, आणि अखेर २००५ मध्ये मालिकेच्या कर्त्यांना दोन भाग खर्ची घालून असे सिद्ध करावे लागले की, मध्यंतरी मानवी जनुकांच्या प्रयोगातून एक साथ पसरली होती आणि तिने त्या जमातीची कपाळे सपाट केली होती. रंगाच्या डब्यांची टंचाई अशा रीतीने साथीच्या रोगांच्या इतिहासात रुजू झाली.

याच १९७९च्या चित्रपटात मुंबईची पर्सिस खंबाटा, १९६५ सालची मिस इंडिया, डोक्यावरचे सर्व केस उतरवून आयलिया या परग्रहवासिनीच्या भूमिकेत झळकली, हे येथे सांगून टाकतो. कारण ग्रहसंघाच्या दरबारात भारताची बाजू एरवी फारच बेताची आहे. तेथला सर्वांत नामांकित हिंदी पुरुष म्हणजे १९६७च्या भागातला खान नूनियन सिंग. तो उत्तर हिंदुस्थानातला शीख असावा असा तर्क यानावरच्या इतिहासतज्ज्ञ बाईंनी केला आहे, आणि त्याचे काम मेक्सिकोचे रिकार्डो मोंताल्बान यांनी केले. तो १९९२ ते १९९६ या काळात पृथ्वीच्या चतुर्थांशाहून अधिक भागावर राज्य करीत होता, असा त्या भागाचा दाखला आहे. ती वर्षे आली आणि गेली. दिल्लीत त्या काळी नरसिंह राव यांचे सरकार होते आणि त्याच्या चिंता अगदी निराळ्या होत्या. ही विसंगती मिटवण्यासाठी २०२३च्या एका भागाने भूतकाळात काही परकीयांनी ढवळाढवळ केल्यामुळे खानाचा जन्मच पुढे ढकलला गेल्याची तोड काढली. सरकारी कामातली दिरंगाई इतक्या भव्य कारणाने समर्थित झाल्याचे उदाहरण मला दुसरे आठवत नाही.

कायद्याच्या शाखेतली मंडळी तर याहून कडक. ग्रहसंघाचा पहिला आणि परमपवित्र हुकूम असा की, अविकसित संस्कृतींच्या वाटेस कोणी जाऊ नये. १९६७ मध्ये ज्या भागात कर्कचा सहकारी स्पॉक या हुकमाचे प्रथम स्मरण देतो, त्याच भागात कर्क उत्तरतो की हा हुकूम जिवंत, वाढत्या संस्कृतीस लागू आहे, आणि त्या ग्रहावर हजारो वर्षे राज्य करणाऱ्या यंत्राला वादात हरवून ठार करतो. कायदा आणि त्याची पळवाट यांनी असा जुळ्यांचा जन्म घेतल्याचे पाहून कोणत्याही अनुभवी वकिलाचा कंठ दाटून येईल. देहदंडाचा घोळ याहून सुरस आहे. १९६६ मध्ये सांगण्यात आले की, या सुसंस्कृत राज्यात फाशीस पात्र असा गुन्हा एकच, टॅलॉस या निषिद्ध ग्रहास भेट देणे, आणि तो सातव्या हुकमान्वये. १९६९ मध्ये सांगण्यात आले की तसा गुन्हा एकच, पण तो चौथ्या हुकमान्वये. मधल्या तीन वर्षांत सातवा हुकूम रद्द झाला की चौथा नव्याने काढला, यावर मोठमोठी टिपणे तयार झाली आहेत. पोतनिसाच्या वहीत मात्र याचा खुलासा एका ओळीचा आहे. मालिकेचा पहिला, नापसंत ठरलेला नमुना-भाग तयार होऊन पडला होता, त्याचा खर्च अंगावर आला होता, आणि त्याची फीत कोठे तरी खपवणे भाग होते. म्हणून स्पॉकवर खटला भरून पुराव्यादाखल ती न्यायासनासमोर दाखवण्याची युक्ती निघाली, आणि खटल्यास वजन यावे म्हणून सोबत फाशी आली.

आणि तरीही एक प्रकरण असे आहे की जेथे पोतनिसाचा काही इलाज चालत नाही. १९९६ मध्ये ‘व्हॉयेजर’ या यानावर ट्रान्सपोर्टरच्या अपघाताने टुवॉक आणि नीलिक्स या दोघांचा मिळून टुविक्स नावाचा एकच इसम तयार झाला. तो शहाणा होता, स्वयंपाकात निपुण होता, आणि मुख्य म्हणजे त्याला जगावयाचे होते. कप्तान जेनवे यांनी मूळचे दोघे परत मिळावेत म्हणून त्याच्या विनवण्यांकडे पाठ फिरवून त्याचे विभाजन केले. यानावरच्या वैद्याने ते करण्यास नकार दिला, तेव्हा त्यांनी ते स्वहस्ते केले. तेव्हापासून हा खटला चाहत्यांत अव्याहत चालू आहे, आणि त्यात दोन्ही बाजूंनी जो युक्तिवाद होतो तो खरोखर ऐकण्यासारखा असतो: दोन प्राणांच्या बदल्यात एक प्राण घेण्याचा अधिकार कोणास, जो अपघाताने जन्मला त्याच्या हक्काची प्रत कमी कशी, आणि ज्याने काही अपराध केला नाही त्याला दोघांच्या नातलगांचे दुःख दाखवून मरावयास सांगणे हा न्याय की सोय. त्याआधी, १९९३ मध्ये, त्याच यंत्राने रायकर या अधिकाऱ्याच्या दोन प्रती काढल्या होत्या; त्यामुळे मूळ माणूस दर प्रवासात मरतो आणि पलीकडे त्याची नक्कल उतरते, असे मानणारा एक पक्ष अगोदरच तयार होता, आणि तो या खटल्यात प्रत्येक साक्षीदारास तूच मेलेला आहेस असे सुनावीत असतो. यंत्र चालते कसे, हा त्यामानाने गौण प्रश्न. हायझेनबर्गच्या अनिश्चिततेवर उपाय म्हणून त्यात जे ‘कॉम्पेन्सेटर’ बसवले आहेत ते कसे चालतात, असे मालिकेचे तंत्रविषयक सल्लागार मायकेल ओकुडा यांना विचारले असता, छान चालतात, धन्यवाद, असे उत्तर मिळाले होते.

असल्या मंडळींना एकदा अधिकार मिळाला तर काय होईल, याची चुणूक इतिहासाने दोनदा दाखवली आहे. मालिका दुसऱ्या वर्षीच बंद पडण्याच्या बेतात असता त्यांनी पत्रांचा असा वर्षाव केला की, १ मार्च १९६८ रोजी वाहिनीला पडद्यावरूनच जाहीर करावे लागले की मालिका पुन्हा येत आहे. त्या पुनरागमनास शुक्रवारी रात्री दहाची वेळ नेमून देऊन वाहिनीने आपली नाराजीही नोंदवली आणि पुढल्या वर्षी मालिका बंद केली. दुसऱ्या खेपेस पत्रे थेट अमेरिकेच्या अध्यक्षांकडे गेली. नासाच्या पहिल्या शटल-यानास ‘कॉन्स्टिट्यूशन’ हे नाव द्यावयाचे ठरले होते; त्या पत्रांनंतर फोर्डसाहेबांच्या दफ्तरातून हुकूम सुटला आणि सप्टेंबर १९७६ मध्ये कॅलिफोर्नियात ते यान ‘एंटरप्राइज’ या नावाने कारखान्याबाहेर आले. चाचणीसाठी ते हवेत सोडण्यात आले, उत्तम उतरले, आणि पुढे त्यास अवकाशात जाण्याजोगे करावयाचे असा बेतही होता. परंतु नासातल्या हिशेबनिसांनी आकडेमोड केली तेव्हा त्या यानाची मोडतोड करून नवी जुळणी करण्यापेक्षा चाचणीसाठी बांधलेला दुसरा सांगाडा सुधारून घेणे स्वस्त पडते असे निघाले, आणि ‘चॅलेंजर’ आकाशात गेले. ‘एंटरप्राइज’ कधीच गेले नाही. सध्या ते न्यूयॉर्कला एका जुन्या विमानवाहू जहाजाच्या संग्रहालयात असते, आणि ते पाहावयाचे तर दारावर तिकीट काढावे लागते; क्रेडिट चालत नाहीत.