इंचभर फट

पुण्यातले मित्र विचारतात, ‘फार्महाऊसचं काम कुठवर आलं?’ मी मान डोलावतो. आमच्या मंगळवेढ्याकडं त्याला वस्ती म्हणतात. फार्महाऊस म्हटलं की दारात कडब्याची गंज लावायला आपल्यालाच लाज वाटायची.

वस्तीवरचं घर माळवदाचं, दगड-मातीचं. त्याला एक खोली आणि संडास-न्हाणी वाढवायची, एवढाच बेत होता. इंजिनिअरनं पहिल्याच दिवशी विचारलं, “एरिया किती?” तात्या म्हणाले, “पाच खण.” इंजिनिअर कॅल्क्युलेटर काढून थांबला. दोन तुळयांमधलं अंतर म्हणजे खण. ते किती, हे ज्याच्या त्याच्या लाकडावर. आजोबांना बाभळी जेवढ्या लांबीच्या मिळाल्या तेवढं आमचं घर रुंद झालं. याचे चौरस फूट करायचे कसे?

मग तो माळवदावर चढला आणि गंभीर होऊन उतरला. तुळया, त्यांवर लाकडं, त्यांवर पाला आणि सगळ्यात वर पांढरीची माती. दर वर्षी मृगाच्या आधी गळती दिसली की आजोबा चार पाट्या माती ओढायचे, त्यांच्यामागं तात्यांनी ओढली. जुनी माती कुणी काढली नाही. सोलापूरच्या बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत हे घर थंड राहतं ते याच जाडीमुळं. आणि 30 सप्टेंबर 1993 ला, गणपती बोळवून दमून झोपलेल्या किल्लारी परिसरात पहाटे भूकंपानं जे झालं, त्यातही याच जाडीचा मोठा हात होता. वर मातीचं ओझं, खाली मातीत रचलेल्या दगडांच्या भिंती. भिंतीही बाहेरून एक, आतून एक, मधे चुरा. त्या पहाटे आमचीही भांडी वाजली होती. तात्या पुढं आठवडाभर अंगणात झोपले, मग पुन्हा आत. आणि पुढच्या मृगाला पुन्हा चार पाट्या.

माळवद वीतभर राखून बाकीची माती उतरवली, तर तीन ट्रॉल्या निघाली. भिंतींत आरपार जाणारे दगड बसवले. तात्या ट्रॉल्यांकडं असे पाहत होते, जणू घराचं वय कुणी उपसून नेत होतं.

खरा तंटा नव्या खोलीवर झाला. आमची जमीन काळी. ज्वारीला हिच्यासारखी आई नाही (मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते या मातीच्या ओलीवरच), पण घराला ही सासू. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, अन् वरचं बांधकाम घेऊन हलते. म्हणून पाया मुरमापर्यंत नेला. वर सिमेंटचा सांगाडा. एवढं करून इंजिनिअर म्हणाला, नवं जुन्याला जोडायचं नाही. दोघं वेगवेगळी हलणार, मधे इंचभर फट ठेवा.

“आरं, फट ठिवून घर बांधत्यात व्हय?” तात्या मिस्त्रीवर कडाडले. “लोक काय म्हणतील? वाटणी झाली म्हणतील!”

मिस्त्रीनं तोंडातली तंबाखू सांभाळत एवढंच विचारलं, “तात्या, सुनंला अन् सासूला एकाच चुलीला बांधता का?” तात्या गप्प. काकूंनी मात्र चहात साखर जरा जास्तच घातली.

फट राहिली, वर पत्र्याची पट्टी आली. नवी खोली गुळगुळीत झाली; खिळा ठोकायलाही ड्रिल लागतं. जुन्या भिंतीत हात जाईल तिथं कोनाडा, देवळी, पोटात धान्याचं बळद. नव्या भिंतीला पोटच नाही. पहिले दोन दिवस तात्या हातात चष्मा, तंबाखूची चंची नि लाईटबिल घेऊन तिथं उभे राहायचे, मग तसेच माघारी फिरायचे.

तिसऱ्या दिवशी मी पुण्याला निघालो, तेव्हा दाराशेजारच्या त्या इंचभर फटीत विळा खोचलेला होता आणि त्याच्यावर घडी घातलेलं लाईटबिल.