लॉकहार्टच्या भावाबहिणीची भानगड

"बाई, कधी आलात? गेटची कडी वाजली रात्री, मला वाटलं कुत्रं शिरलं."

"परवा आलो. अजून झोपेचं काही खरं नाही, पहाटे दोनला टक्क जागी होते. या अशा अलीकडं, तो पेरूचा डहाळा बाजूला करा. बाकी काय म्हणताय वहिनी?"

"आमचं काय, पाणी एक दिवसाआड, तेच. तुमचं सांगा. सरांचा फोटो बघितला व्हॉट्सॲपवर. भल्या पहाटे रांगेत उभे, अंगात स्वेटर, आणि तोंड हे एवढं! रेशनची रांग होती काय?"

"मटणाची! तोंड उतरलं होतं कारण शनिवार होता."

"अगं बाई! सर शनिवार पाळतात ना, मारुतीचा."

"पाळतात म्हणूनच तर. धाकट्यानं आधीच ठरवून ठेवलं होतं, आई-बाबा आलेत तर एक शनिवार-रविवार गाडी काढायची आणि टेक्सासच्या बार्बेक्यूची गावं करायची. तो राहतो ऑस्टिनच्या उत्तरेला, राउंड रॉकमध्ये. तिथून तासाभरावर लेक्सिंग्टन म्हणून गाव आहे, जेमतेम हजार-बाराशे वस्तीचं. तिथं स्नोज म्हणून एक पत्र्याचं दुकान. आठवड्यातून उघडतं एकदाच, शनिवारी. सकाळी आठला."

"सकाळी आठला मटण?"

"आठला खिडकी उघडते. लोक रात्रीपासून खुर्च्या टाकून बसलेले. शनिवारी त्या गावात गुरांचा लिलाव असतो, म्हणजे आपला बाजारचा दिवसच समजा. २००३ साली सुरू झालं दुकान. २००८ मध्ये 'टेक्सास मंथली' मासिकानं राज्यात पहिला नंबर दिला आणि दुसऱ्या शनिवारपासून मांस पुरेना. २०१७ मध्ये परत पहिला."

"एवढं काय असतं हो त्यात?"

"एक आजी असतात, वहिनी. टूट्सी टोमनेट्झ. जन्म १९३५चा. हसू नका, खरंच सांगते. गिडिंग्ज गावच्या मटण मार्केटात १९६६ साली भट्टीवर उभ्या राहिल्या, त्या अजून हातात फावडं. इतर दिवशी शाळेत देखभालीची नोकरी करायच्या, झाडलोट, बागकाम, आणि शनिवारी मध्यरात्रीच येऊन भट्टी पेटवायच्या. मी रांग सोडून मागच्या बाजूला गेले बघायला. कुणी अडवत नाही. एका बाजूला ओकची लाकडं पेटवून निखारे पाडलेले. आजी वाकून फावडंभर निखारे उचलतात, पेटीचं खालचं दार उघडतात आणि आत पसरतात. हे कोपऱ्यात जास्त, हे मध्ये कमी. थर्मामीटर आहेत, पण हाताचा तळवा पेटीवर धरून बघायची सवय सुटलेली नाही. मग मॉप घेतात. फरशी पुसायचा असतो ना सुताचा, तसला, छोटा. बादलीत व्हिनेगर, मोहरीचं सॉस, लोणी, कांदा असलं पातळ पाणी. ते चिकनवर आणि पोर्क स्टेकवर थापथाप शिंपडतात. चर्र होतं आणि वास असा येतो की सर तोंड फिरवून पार्किंगकडं बघत बसले."

"त्यांनी काहीच नाही खाल्लं?"

"पाव, लोणच्याची काकडी, कच्चा कांदा आणि बटाट्याचं सॅलड. मी म्हटलं, अहो, इथं मारुतीला कोण सांगणार? तर म्हणाले, मारुती उडत येतो. तीन तास रांगेत उभं राहून माणूस कांदा-पाव खातो, हे त्या पुढच्या जोडप्याला काही केल्या कळेना. सूनबाईनं त्यांना इंग्रजीत समजावलं, तर त्या बाईनं सरांना आपली खुर्ची दिली. त्यांना वाटलं सर आजारी आहेत."

"आणि तुम्ही? तिथं सगळं मोठ्याचंच असतं म्हणतात."

"ब्रिस्केट म्हणजे मोठ्याचंच, छातीचं. आमचा पोरगा खातो, मला आवडत नाही ते, पण तिशीतल्या पोराला काय बोलणार. मी प्रत्येक ठिकाणी आधी विचारायची, यात बीफ आहे का. चिकन, टर्की, डुकराच्या बरगड्या, एवढं चालवलं. आजींच्या हातचा पोर्क स्टेक मात्र खरं सांगू? शिजवणं म्हणजे काय ते कळतं. मसाला काय, मीठ आणि मिरी. वाटण नाही, कांदा-खोबरं नाही, रस्सा तर नाहीच."

"रस्सा नाही मग भाकरी कशाशी खायची?"

"भाकरी कुठली! पांढरा पाव देतात, आणि ताटसुद्धा नाही. खाटकाच्या कागदावर मांस कापून ठेवतात, वजन करतात, कागद गुंडाळून हातात देतात. ब्रिस्केटचा भाव पाऊंडाला तीस डॉलरच्या आसपास, काही ठिकाणी वरच."

"थांबा हां. पाऊंड म्हणजे अर्धा किलोपेक्षा कमी..."

"किलोला साडेपाच हजारांच्या वर जातात. सरांनी रांगेतच हिशेब केला होता, त्यांना दुसरं काम काय होतं."

"साडेपाच हजारात आपल्याकडं अख्खं बोकड..."

"अख्खं येणार नाही आता, ते दिवस गेले. पण तिथं पैसा लाकडाचा आणि वेळेचा आहे. छातीचं मांस मुळात चिवट. मंद आचेवर, धुरात, बारा-चौदा तास ठेवलं तर त्यातल्या दोऱ्यांचं जिलेटिन होतं, मग सुरी लावली की सुटतं. आपला धाकटा इंजिनिअर, त्यामुळं मोबाइलवर आलेख काढून दाखवत होता. मी चिकनच्या कडेला गुलाबी बघून म्हटलं, हे कच्चं आहे, परत कर. तर म्हणाला, आई, धुरातला नायट्रिक ऑक्साइड मांसातल्या रंगाला चिकटतो, म्हणून कड गुलाबी राहते. तिथले लोक ती कड बघूनच खूश होतात. आपल्याकडं कुणी तसं वाढलं असतं तर पाहुणे उठून गेले असते."

"मग शनिवारी तेवढंच?"

"नाही हो, दुपारी टेलर. सॅमसंगचा तो चिपचा मोठा कारखाना उभा राहतोय ना, तेच गाव. तिथं लुई म्युलर, १९४९चं. आत गेलं की आपल्या जुन्या स्वयंपाकघरातल्या चुलीमागच्या भिंतीसारख्या भिंती, काळ्या-पिवळ्या. लोकांनी व्हिजिटिंग कार्डं टोचून ठेवलीत, तीसुद्धा धुरानं चहाच्या रंगाची झालीत. पोरानं एक बरगडी घेतली, हाडासकट माझ्या कोपरापासून मनगटापर्यंत लांब. मी नुसती बघत बसले. सरांनी परत बटाट्याचं सॅलड. बास, टेलरचं एवढंच. खरी मजा रविवारी, लॉकहार्टला."

"रविवारी सर सुटले!"

"सुटले म्हणजे, गाडीतून आधी तेच उतरले. ऑस्टिनच्या दक्षिणेला पन्नासेक किलोमीटरवर आहे गाव. टेक्सासच्या विधिमंडळानं ठराव करून 'बार्बेक्यूची राजधानी' असा किताब दिलाय, १९९९ मध्ये खालच्या सभागृहानं आणि २००३ मध्ये वरच्या. मूळची ही सगळी जर्मन आणि चेक लोकांची मटणाची दुकानं. फ्रिज नव्हते, उरलेलं मांस धुरात घालायचे, बारीकसारीक तुकड्यांचं सॉसेज करायचे. कापूस वेचायला काळे आणि मेक्सिकन मजूर यायचे. गोऱ्यांच्या हॉटेलात त्यांना कोण बसू देणार? ते दुकानातून मांस घ्यायचे आणि कागदावरच खायचे. आज ज्या कागदाचं कौतुक करून लोक फोटो काढतात ना, तो असा आलाय. पण वहिनी, मला तुम्हाला सांगायची होती ती भानगड वेगळीच."

"भानगड? सांगा सांगा. थांबा, गॅस बंद करून आले... हां, बोला."

"क्रॉइत्झ मार्केट म्हणून १९०० सालचं दुकान. १९४८ मध्ये ते एडगर श्मिट यांनी विकत घेतलं. सगळे त्यांना स्मिटी म्हणायचे. १९९० मध्ये ते वारले. धंदा त्यांनी आधीच, १९८४ मध्ये, मुलांना विकला होता, रिक आणि डॉनला. आणि मृत्युपत्रात काय, तर इमारत मुलीला, नीनाला."

"आई गं! म्हणजे भाऊ बहिणीचे भाडेकरू."

"बरोब्बर. काही वर्षं चाललं, मग भाड्याच्या करारावरून वाजलं. १९९९ मध्ये रिकनं धंदा उचलला, नाव घेतलं आणि थोड्याच अंतरावर मोठ्ठं नवीन बांधलं, कोठारासारखं. आणि जाताना काय केलं असेल? जुन्या भट्टीतले धगधगते निखारे पत्र्याच्या टबात भरले आणि रस्त्यानं ओढत ओढत नव्या भट्टीत नेऊन घातले. टीव्हीवाले मागं. आग विझू द्यायची नाही म्हणून."

"म्हणजे देव्हाऱ्यातले देवच नेले म्हणा की. आणि बहीण?"

"बहीण हलली नाही. त्याच इमारतीत, त्याच विटांच्या भट्ट्या परत पेटवल्या आणि बापाचं नाव लावलं, स्मिटीज. गावात आता दोन्ही चालतात."

"धन्य आहे बाई तिची. नाव भावाचं, भट्टी तिची."

"मी आत गेले तिथं. मागच्या दारानं शिरायचं. अंधारी बोळ, भिंती डांबरासारख्या, आणि भट्टीच्या तोंडाशी लाकडं जमिनीवरच जळत असतात. कठडा नाही, जाळी नाही. रांग तिथूनच सरकते. मी पदर कमरेला खोचला आणि सरांना अलीकडं ओढलं, ते फोटो काढायला पुढं झुकले होते. तिथला पोरगा लांब काट्यानं चॉप उलटतो, ठोकळ्यावर कापतो, कागदात देतो. सॉसेजमध्ये मोठ्याचं असतं, ते मी सोडलं. जेवायला दुसऱ्या खोलीत बाकं. पूर्वी म्हणे सुऱ्या साखळीनं बांधलेल्या असायच्या."

"चोरीला जायच्या असतील."

"माणसं भांडत असतील. आणि क्रॉइत्झमध्ये काटा-चमचा मिळायचा नाही, सॉस मागितलं तर नाही म्हणून सांगायचे, मांस चांगलं असेल तर सॉस कशाला लागतं असा त्यांचा तोरा. अलीकडं जरा नरमलेत. शेजारी ब्लॅक्स म्हणून १९३२चं तिसरं घराणं आहे, त्यांच्यातही काका-पुतण्यांचं फाटलं आणि पुतण्यांनी ऑस्टिनला वेगळं दुकान काढलं."

"धुरात काहीतरी असतं बाई तिथल्या. बरं, ते सोडा. चव कुणाची चांगली? भावाची की बहिणीची?"

"सर म्हणतात भावाची. जागा ऐसपैस, बसायला बरं, गाडी लावायची सोय. मी म्हणते बहिणीची. पोर्क चॉप दोन्हीकडं घेतला, मुद्दाम. भावाकडचा जाड, छान; पण बहिणीकडच्याला कडेला जी करपलेली चरबी होती, ती मी पोरापासून लपवून खाल्ली. आणि खरं म्हणजे, मला त्या बापाचं पटलं. लोक म्हणतात त्यानंच भांडण लावलं. मी म्हणते, मुलीला अंगठी-पाटली देऊन बोळवलं नाही, चार भिंती दिल्या. आणि तिनंही 'दादा, तूच ठेव' म्हणून सोडून दिलं नाही."

"आपल्याकडं काय होतं बाई? हक्कसोडपत्र. राखीपौर्णिमेला साडी घेऊन येतात आणि खाली कागद."

"तुमच्या माहेरी झालं काय तसं?"

"अजून नाही. या रविवारी यायचाय की भाऊ. म्हणाला, ताई, सहज येतोय, मटण कर, आणि आधार कार्ड जवळ ठेव."

"मटण आणि आधार कार्ड?"

"मला तेव्हाही जरा खटकलं होतं. मी म्हटलं असेल काहीतरी बँकेचं."

"वहिनी, कागद आधी इकडं दाखवा. सर वाचतील. रविवारच आहे, मटणालाही येतील."

"या दोघंही. पण मटण कागद वाचून झाल्यावर चढवते, आधी नाही."