योगायोगाने कलावंत होऊ इच्छिणाऱ्यांस काही सूचना

कलावंत होण्याचे जे राजमार्ग आहेत, म्हणजे गुरुगृही पाणी भरणे, कलाशाळेत फी भरणे किंवा नाटक मंडळीच्या बिऱ्हाडामागून गावोगाव हिंडणे, त्यांविषयी आजवर विपुल लेखन झाले आहे; परंतु ज्यांस कलावंत तर व्हावयाचे आहे, मात्र त्यासाठी आपण यत्किंचितही खटपट केली असा बोभाटा होऊ द्यावयाचा नाही, अशा भिडस्त आणि कुलीन गृहस्थांची कोणीच दखल घेतलेली दिसत नाही. उतारवयात सत्काराला उत्तर देताना ‘मी या क्षेत्रात अपघातानेच आलो’ हे वाक्य उच्चारण्याची आकांक्षा पुष्कळांच्या मनात असते. पण अपघाताची पूर्वतयारी यथासांग कशी करावी, हे त्यांस सांगणार कोण? ती तजवीज येथे केली आहे.

प्रथम नोकरी धरावी. ती कलेशी सर्वस्वी असंबद्ध असावी, मात्र कलेच्या वाटेवरची असावी. या बाबतीत अण्णा साळुंके यांचा दाखला सर्वश्रेष्ठ होय. १९१२ च्या सुमारास दादासाहेब फाळके ‘राजा हरिश्चंद्र’साठी तारामतीच्या शोधात होते, वर्तमानपत्रांतून जाहिराती देऊन झाल्या, आणि प्रतिष्ठितांनी दिवसाउजेडी पाऊल टाकू नये अशा वस्त्यांतूनही नकारच पदरी आला, कारण चित्रपटात काम करणे तेथेही कमीपणाचे मानले जात होते. अशा हताश अवस्थेत ग्रँट रोडवरील एका उपाहारगृहात त्यांची दृष्टी एका आचाऱ्याच्या नाजूक हातांवर पडली. दरमहा दहा रुपयांचा आचारी पंधरा रुपयांची महाराणी झाला, आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमात लोकांनी तिला पाहिले. यावरून स्वयंपाक येणे आवश्यक आहे असा निष्कर्ष उमेदवाराने काढू नये. हात दिसतील अशा बेताने वावरणे आवश्यक आहे, एवढाच बोध घ्यावा. मिशीचा प्रश्न मात्र आधीच निकालात काढून ठेवावा, कारण वडील हयात असता मिशी उतरवावयाची नाही अशी त्या काळची रूढी असल्याने, आपल्या पडद्यावरील राण्या आणि दासी यांची मनधरणी करताना फाळक्यांस अतोनात कष्ट पडले.

दुसरे पथ्य अनिच्छेचे. योगायोगाला उतावीळ माणूस आवडत नाही, असे अशोककुमारांच्या चरित्रावरून म्हणता येते. त्या वेळी ते कुमुदलाल गांगुली होते, कायद्याच्या अभ्यासाला रामराम ठोकून मालाडच्या बॉम्बे टॉकीजमध्ये मेहुण्याच्या आश्रयाने आले होते आणि प्रयोगशाळेत फिल्म धुण्याच्या कामावर संतुष्ट होते. इतक्यात कंपनीचा नायक नजमुल हसन हा कंपनीची नायिका देविका राणी हिच्यासह पसार झाला. ती मालकांची, म्हणजे हिमांशु राय यांची, पत्नी असल्यामुळे प्रकरण केवळ कलाविषयक राहिले नाही. बाईंचे मन वळवून त्यांस परत आणण्यात आले, नायक बडतर्फ झाला, आणि प्रयोगशाळेतील तरुणास कॅमेऱ्यापुढे हजर होण्याचा हुकूम सुटला. जर्मन दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन यांस हा चेहरा मुळीच पसंत नव्हता, खुद्द चेहऱ्याच्या धन्यासही नव्हता. तरीही १९३६ साली ‘जीवन नैया’ आणि पाठोपाठ ‘अछूत कन्या’ प्रकाशित होऊन जे व्हावयाचे ते झाले. येथे एक धोक्याची सूचना देणे आमचे कर्तव्य आहे. मालकाच्या पत्नीसह पलायन करण्याची कामगिरी दुसऱ्या कोणा इसमाने बजावावयाची असते. ती उमेदवाराने स्वतः अंगावर घेतल्यास नायकपद मिळत नाही, असलेले जाते.

पोटापाण्याच्या धंद्यात ज्यांचा दिवसभर अनोळखी माणसांशी संबंध येतो, त्यांची सोय अधिक चांगली. बद्रुद्दीन काझी मुंबईत बेस्टच्या बसचे कंडक्टर होते, आणि तिकिटे फाडताना उतारूंची जी करमणूक ते विनामूल्य करीत, ती एकदा बलराज साहनींच्या दृष्टीस पडली. साहनी त्या वेळी ‘बाजी’ची पटकथा लिहीत होते. त्यांच्या सांगण्यावरून काझींनी गुरुदत्तांपुढे दारूड्याचे असे बेमालूम सोंग वठवले की चित्रपटात काम मिळाले आणि एका विलायती व्हिस्कीचे नावही मिळाले. जॉनी वॉकर दारूला स्पर्श करीत नसत, हे या हकीकतीतील सर्वांत गैरसोयीचे कलम आहे, कारण त्यामुळे त्या दिवशी घडला तो अपघात नसून अभिनय होता अशी शंका बळावते.

आणि शंका एकदा आत शिरली की फार नासधूस करते. अण्णासाहेब किर्लोस्करांचेच पाहा. रेव्हेन्यू कमिशनरच्या कचेरीतील हा नोकरदार १८८० साली पुण्यात पारशी मंडळीचे संगीत नाटक पाहतो काय, आणि त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला ‘शाकुंतल’चे पहिले अंक रंगभूमीवर आणून मराठी संगीत नाटकाचा पाया घालतो काय! आमच्या सिद्धांतासाठी याहून सुंदर पुरावा नव्हता. परंतु थोडे खोल गेल्यावर असे आढळते की, अण्णासाहेबांना तरुणपणापासूनच नाटकाचे वेड होते, ते पूर्वीच पदे रचीत आणि एक नाटक मंडळीही चालवून बसले होते. त्या रात्री थिएटरात इतर प्रेक्षकही होते. त्यांच्यापैकी बहुतेक जण नाटक पाहून घरी गेले आणि झोपले. म्हणून उमेदवारांस आमचा आग्रहाचा सल्ला असा की, आपल्या आयुष्याच्या अशा मागील दप्तरात कोणास डोकावू देऊ नये. पहाटेचा रियाझ, अडगळीत लपवलेल्या कवितांच्या वह्या, आरशापुढे केलेली भाषणे, यांचा उल्लेख आत्मचरित्रात चुकूनही येता कामा नये. लोकांस अपघात प्रिय आहे, वह्या नव्हेत.

राहता राहिला राजीनाम्याचा प्रश्न. साहेबांच्या टेबलावर तो आदळण्याचे सुख मोठे असले, तरी घाई करू नये. १९५२ साली राजा परांजपे यांचा ‘लाखाची गोष्ट’ पुण्यात भानुविलास टॉकीजमध्ये लागला, तेव्हा त्याचे नायक राजा गोसावी त्याच टॉकीजच्या खिडकीत बसून त्याच चित्रपटाची तिकिटे विकत होते, आणि रांगेतल्या मंडळींस आपण नायकाच्याच हातून सुटे पैसे घेत आहोत याचा पत्ता आत पडदा उजळल्यावर लागत असे. सबब, वाचकहो, चित्रपट लागेपर्यंत, आणि गोसाव्यांचा दाखला प्रमाण मानावयाचा तर लागल्यानंतरही, पुढच्या पगाराची तारीख येईतो खिडकी सोडू नका.