उचलून नेऊ नका, वाट करा

कासारवाडीहून लोणावळा लोकल धरा. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, देहूरोड मागे पडतात. बेगडेवाडी-घोरावाडीनंतर तळेगाव, मग वडगाव आणि कान्हे-कामशेतपासून दोन्ही बाजूंना भातखाचरं. मळवली आली की लोहगड-विसापूर खिडकीत. सगळा मिळून तासाभराचा प्रवास. कारखान्यांच्या या पट्ट्यात राहणाऱ्या माणसाला डोंगर, पाणी, पाखरं इतकी जवळ आहेत. गळ्यात कॅमेरा हवा आणि पाय धड हवेत.

पाय धड नसतील तर? लोकलला दिव्यांगांचा राखीव डबा आहे. पण गाडी स्टेशनात मिनिटभरही थांबत नाही आणि फलाट व दार यांच्यातली फट व्हीलचेअरवरच्या माणसाला एकट्याने ओलांडता येत नाही. कासारवाडीत मेट्रोही आहे. 6 मार्च 2022 ला सुरू झालेल्या पहिल्या टप्प्यातलंच हे स्टेशन. लिफ्टने वर जा, फलाटावरून सरळ डब्यात शिरा, कुणाचा हात धरायला नको. म्हणजे हे जमतं. आपल्या शहरात, आपल्या पैशांत, आपल्याच कामगारांच्या हातून जमतं. फक्त मेट्रो कामशेतला जात नाही.

व्हीलचेअर आणि कॅमेरा आपल्याकडे एकत्र दिसतात ते वाटपाच्या कार्यक्रमात. रांगेने खुर्च्या, मागे फ्लेक्स, बाजूला पाहुणे. खुर्चीतला माणूस कायम भिंगासमोर. त्याला भिंगामागे बसायचं असेल, हे कुणाच्या मनातही येत नाही. मला याचा मनापासून राग येतो.

आपण अपंग माणसाला दोनच जागा दिल्या आहेत. एक दयेची, दुसरी पराक्रमाची. पराक्रमाची जागा या पट्ट्याला चांगली ओळखीची आहे. 1965 च्या युद्धात गोळ्या झेललेले मुरलीकांत पेटकर 1972 साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये 50 मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण घेऊन आले आणि पुढे इथल्या टेल्कोत नोकरीला होते. जवळच खडकीला जखमी सैनिकांचं पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर 1974 पासून आहे. या सगळ्यांबद्दल पुरेपूर आदर आहे. पण ज्याला पदक नको, देशाचं नाव उंचावायचं नाही, फक्त रविवारी सकाळी खंड्याचा एक चांगला फोटो हवा आहे, त्या साध्या माणसासाठी जागा कुठे आहे? प्रेसवर बोटं-पाय गमावलेला कामगार, चाकणच्या रस्त्यावर अपघातात कंबर मोडलेला तरुण, पक्षाघातानंतर बाजूच्या चाकांच्या स्कूटरवर फिरणारे निवृत्त फिटरकाका, गुडघ्यांनी दगा दिलेल्या शिक्षिका. यांना छंद असतात. छंदासाठी शौर्य लागू नये.

‘काका, चला की, आम्ही उचलून नेतो!’ हे वाक्य प्रेमाने म्हटलं जातं. म्हणणाऱ्याच्या दंडात बळ असतं आणि मनात कपट नसतं. तरी ते फोटोच्या कामाचं नाही. फोटो काढणं म्हणजे जागा निवडणं. दोन हात डावीकडे सरकलं की बगळ्यामागचा विजेचा खांब निघून जातो. सूर्य वर आला की जागा बदलावी लागते. कधी तासभर हलायचं नाही, कधी चटकन मागे व्हायचं. ज्याला चौघांनी उचलून एका दगडाशेजारी ठेवलं, त्याला त्या दगडाशेजारूनच फोटो मिळणार. दर दोन मिनिटांनी ‘जरा तिकडे न्या रे’ कोण म्हणेल? तो म्हणत नाही. आहे तिथून चार फोटो काढतो, सगळ्यांचे आभार मानतो आणि पुढच्या वेळी येत नाही. शिवाय खडकाळ उतारावर माणसासकट खुर्ची उचलणं धोक्याचं असतं, हे उचलणाऱ्यांपेक्षा खुर्चीतल्याला जास्त कळतं.

आता कठडा बघा. घाटातल्या बऱ्याच पॉइंटांवर सिमेंटचा भरीव कठडा असतो, साडेतीन-चार फुटांचा. उभ्या माणसाच्या तो छातीला लागतो. खुर्चीत बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण पावणेचार ते सव्वाचार फुटांवर असतात, कठड्याच्या माथ्याच्या जेमतेम बरोबरीला. म्हणजे तासभर गाडीत बसून, पार्किंगचे पैसे भरून, वारा खात त्याने काय पाहायचं? कठड्याचं प्लास्टर आणि त्यावर बदामात कोरलेली नावं. दरी कठड्यापलीकडे आहे. यावर उपाय अवघड नाही. पॉइंटवर दोन मीटर लांबीचा एक भाग भरीव न बांधता उभ्या गजांचा करा. गजांतलं अंतर लहान मूल निसटणार नाही इतकं कमी ठेवलं तरी भिंग त्यातून बाहेर डोकावतं. मुलांनाही दरी दिसेल. कठड्याचा खर्च होणारच आहे, त्यातले दोन मीटर वेगळे करायचे आहेत.

दाराचंही तेच. मोटारसायकली आत शिरू नयेत म्हणून टेकडीच्या, तलावाच्या, बागेच्या तोंडाशी लोखंडी खुंट रोवतात किंवा चक्री फाटक लावतात. मोटारसायकलवाला कुंपणातल्या भगदाडातून जातो. अडकते ती व्हीलचेअर. तिला 90 सेंटीमीटर मोकळी जागा लागते, वळायला दीड मीटरचं वर्तुळ लागतं. उताराचं प्रमाण एकास बारा, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी. आपण रॅम्प म्हणून जे बांधतो ते अनेकदा पायऱ्यांच्या कडेला ओतलेलं तीव्र सिमेंट असतं, दुचाकी ढकलत चढवायच्या लायकीचं. त्यावरून व्हीलचेअर उतरवणं म्हणजे माणूस तोंडावर पाडणं. वाट सिमेंटचीच हवी असंही नाही. नीट दबाई केलेला मुरूम चालतो. सुटी खडी चालत नाही, खुर्चीची पुढची लहान चाकं तिच्यात रुततात. हे आकडे मी मनाने काढलेले नाहीत, बांधकामाच्या सरकारी मार्गदर्शक तत्त्वांत आहेत. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 29 मध्ये कलावर्ग, मैदानी शिबिरं आणि साहसी उपक्रम यांत सहभाग मिळवून देणं हे सरकारचं काम म्हणून लिहिलेलं आहे. आणि 8 नोव्हेंबर 2024 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला बजावलं की सुगम्यतेचे नियम नुसत्या शिफारशी राहू शकत नाहीत, त्यांतला सक्तीचा भाग वेगळा काढून लागू करा. म्हणजे हा मेहेरबानीचा विषय राहिलेला नाही.

पक्ष्यांच्या फोटोत तर बसलेला माणूस मागे पडण्याचं काही कारणच नाही. लोणीजवळच्या कवडीला पाण्याकाठी बघा. चक्रवाक, शेकाट्या, चित्रबलाक टिपायला आलेले लोक चिखलात पालथे पडलेले असतात, कारण पक्ष्याच्या डोळ्याच्या रेषेत भिंग आणलं की फोटो जिवंत होतो. उभा माणूस हलला की थवा उठतो. थांबलेल्या गाडीची मात्र पाखरांना फारशी धास्ती नसते. गाडीच्या खिडकीत धान्याची किंवा वाळूची छोटी पिशवी टाकून तिच्यावर लेन्स टेकवणं ही नामांकित वन्यजीव छायाचित्रकारांची जुनी रीत आहे. ती खुर्चीवरच्या माणसालाही तेवढीच जमते. गाडी पाण्याच्या जितकी जवळ आणि जितकी आडवी लावता येईल तितकं बरं, एवढीच अट.

आणि वनखात्याची गवताळ प्रदेशातली सफारी? इंदापूरकडे कडबनवाडी, बारामतीकडे शिरसुफळ. लांडगा, खोकड, चिंकारा बघायला जाणारा प्रत्येक जण तिथे गाडीत बसूनच फोटो काढतो. तिथे पाय चालतात की नाही याचा संबंध उरतो फक्त गाडीत चढण्यापुरता. प्रवेशद्वाराशी जिप्सीच्या उंचीचा एक ओटा बांधा, त्याला उतार द्या, खुर्चीवरून सीटवर सरकायला एक गुळगुळीत फळी ठेवा. भिगवणला रोहित पक्षी दाखवणाऱ्या होड्यांसाठीही असाच धक्का हवा. वर्षभरात होणारं काम आहे, आणि ते मागायला आपण सगळ्यांनी जायला हवं. एकट्या दिव्यांग संघटनांनी किती दारं ठोठावायची?

कॅमेरा धरायचा कसा, हा पुढचा प्रश्न. इथे मात्र आपला पट्टा जगाला शिकवू शकतो. कॅमेऱ्याच्या बुडाला ट्रायपॉडसाठी जो आटा असतो तो जवळजवळ सगळीकडे एकच, पाव इंची, इंचाला वीस आटे. खुर्चीची नळी साधारण 22 ते 25 मिलिमीटर व्यासाची. नळीला पकडणारा क्लॅम्प, त्यावर दोन सांध्यांचा हात, टोकाला तो पाव इंची स्क्रू आणि आवळायला मोठी मूठ, म्हणजे बोटांत जोर नसला तरी तळव्याने फिरेल. भोसरीच्या कुठल्याही वर्कशॉपमध्ये टर्नर आणि वेल्डर मिळून हे करतील. बाहेरून मागवलेली अशी वस्तू महाग पडते. इथे ती भंगारातल्या पाइपातून उभी राहील. ज्याची बोटं शटरपर्यंत पोचत नाहीत त्याला मोबाइलवरून शटर दाबता येतं, आणि वळणाऱ्या पडद्याचा कॅमेरा असेल तर डोळा व्ह्यूफाइंडरला लावायचीही गरज नाही. देशभर धावणारी चाकं बनवणाऱ्या हातांकडे मी हे हक्काने मागतो आहे.

सगळे गड, सगळे सडे सपाट करा असं मी म्हणत नाही. कासच्या पठारावर चाकं नेऊ नयेत, बूटही जपून न्यावेत. तिथली फुलं 2012 मध्ये जागतिक वारशात गेली ती त्या उथळ मातीच्या जिवावर. रायगडाला 1996 पासून रोपवे आहे म्हणून लोहगडालाही हवा, ही माझी मागणी नाही. माझं म्हणणं जिथे माणसाने आधीच सिमेंट ओतलं आहे, फाटक लावलं आहे, पार्किंग केलं आहे, तिथल्यापुरतं आहे. देहू-तळेगावजवळच्या भंडारा डोंगरावर गाडी वरपर्यंत जाते. अशा जागा पुष्कळ आहेत. तिथे गाडीचं दार आणि दृश्य यांच्यामधली शेवटची पन्नास पावलंच तेवढी अडवतात.

त्या पन्नास पावलांची खरी माहिती तरी आधी मिळावी. इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये ‘माइल्स विदाउट स्टाइल्स’ नावाने वाटांची यादी आहे. प्रत्येक वाट सगळ्यांसाठी, बऱ्याच जणांसाठी की काहींसाठी, हे आधीच लिहिलेलं असतं. अमेरिकेत व्हीलचेअर वापरणाऱ्या व्हर्जिनिया रोझ यांच्या प्रयत्नांतून ‘बर्डेबिलिटी’चा नकाशा उभा राहिला. कुठल्या पाणवठ्यावर उतार किती, जमीन कशी, शौचालय कुठे, हे पक्षीनिरीक्षक स्वतः त्यात भरतात. याला निविदा लागत नाही, मापाची टेप लागते.

शौचालयाचं वेगळं लिहितो, कारण ते नेहमी यादीच्या शेवटी ढकललं जातं. खुर्चीवरून फिरणाऱ्या बायका सहलीच्या आदल्या रात्रीपासून पाणी पिणं कमी करतात. पहाटेच्या उजेडासाठी पाचला निघायचं आणि दुपारपर्यंत एक घोट नाही. त्यातून होणारा मूत्रमार्गाचा संसर्ग पाठीच्या कण्याला इजा झालेल्या माणसासाठी किरकोळ दुखणं नसतं, जिवावर बेतू शकतो. रुंद दाराचं, आत खुर्ची वळेल असं एक शौचालय नसेल तर बाकीचा रॅम्प, ओटा, कठडा निम्म्या लोकांसाठी फुकट गेला.

पिंपरी-चिंचवड महापालिकेने मोरवाडीत दिव्यांग भवन उभारलं, जानेवारी 2025 मध्ये ‘पर्पल जल्लोष’ भरवला. चांगलं केलं. पवना, मुळा, इंद्रायणीच्या काठांचे आराखडेही तिच्याकडे आहेत. त्या कामात तोडायच्या झाडांवरून चाललेला वाद गंभीर आहे आणि त्यात मी झाडांच्या बाजूने आहे. पण काठावर जी काही वाट होईल तिचा नकाशा मंजूर करण्याआधी व्हीलचेअर वापरणारी दोन-चार माणसं काठावर घेऊन जा. त्यांच्या हातात कॅमेरे द्या. जिथून त्यांना नदी दिसत नाही तिथे नकाशा बदला.

आणि फोटोग्राफीच्या क्लबांनो, तुमचा रविवारचा निरोप मी वाचतो. ‘पहाटे पाच, नाशिक फाटा, टोपी-पाणी सोबत.’ त्यात चार ओळी वाढवा. गाडी पाण्यापासून किती फुटांवर थांबते. मधे पायऱ्या किती. जमीन मुरमाची की चिखलाची. शौचालय कुठे. शुक्रवारी कुणीतरी पुढे जाऊन, टेप लावून हे बघून या, आणि गाडीत एक जागा खुर्चीच्या घडीसाठी रिकामी ठेवा.