पाचपट

समृद्धी महामार्गाच्या जमीन मोजणीला आमच्या सिन्नर तालुक्यात कडाडून विरोध झाला, तेव्हा घोषणा द्यायला मी सगळ्यात पुढे होतो. जीव देऊ, पण जमीन देणार नाही! मग पाचपट मोबदला जाहीर झाला. जीव शाबूत राहिला.

खात्यात पैसे पडले आणि मी हळू आवाजात बोलायला लागलो. पैसेवाले ओरडत नाहीत, असं माझं निरीक्षण होतं. टपरीवर सगळ्यांच्या चहाचे पैसे मीच देतो, आणि देताना कोण कोण बघतंय तेही बघतो.

फॉर्च्युनर मात्र मी हौसेने घेतली नाही. ७०१ किलोमीटरच्या त्या रस्त्यावर दुचाकीला बंदी, ट्रॅक्टरला बंदी. ज्या रानात जन्मभर अनवाणी फिरलो, तिथून पुन्हा जायचं तर मोटारच पाहिजे. म्हणजे शासनानेच घ्यायला लावली. आता ती आमच्या गल्लीत वळत नाही, हा गल्लीचा दोष. मारुतीच्या देवळापासून मी ती उलटी आणतो. मागे सरकताना ती पीं-पीं करते आणि अख्ख्या आळीला शेठ आल्याचं कळतं. सीटवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नाही. उन्हाळ्यात पाठीला चिकटतं. पण ते काढलं तर गाडी नवी आहे हे पाहुण्यांना कळणार कसं?

गाडीत एकदाही बसली नाही ती फक्त धाकटी बहीण.

वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना हक्क महाराष्ट्राने १९९४ साली दिला, देशाने २००५ साली. आमच्याकडे तो साडीत गुंडाळून परत घ्यायची रीत आहे. वडील गेले, वारसनोंदी निघाल्या, तेव्हा धाकटीने हक्कसोडपत्रावर सही केली. मी येवल्याची पैठणी दिली, अस्सल जरीची. "सही कर पोरी, माहेर टिकेल," असं भाऊबंदांनी तिला समजावलं होतं. बहीण टिकवायला भावाने कुठे सही करायची असते, ते कोणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. वडिलांच्या शेवटच्या दुखण्यात उशाशी तीच बसून होती. मी मोजणी अडवत होतो.

पैसे आल्यावरही तिने काही मागितलं नाही. मागितलं असतं तर निदान भांडता आलं असतं.

परवा भाऊबीजेला आली. ओवाळलं, जेवली, निघताना गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाली, "दादा, यातलं माझं चाक कोणतं रे?"

मी मोठ्याने हसलो. ती हसली नाही. दाजी मात्र खाली वाकून स्टेपनी कुठे आहे ते बघायला लागले.