घरपोच, पण मोरा सोडून

२०२० च्या टाळेबंदीत मोरा बंदरात बसून ॲपवरून किराणा मागवणं ही खरेदी नव्हती, करमणूक होती. शेजारचं जेएनपीटी बंदर अत्यावश्यक सेवा म्हणून चालूच. साता समुद्रांपलीकडचे कंटेनर उरण तालुक्यात बिनबोभाट उतरत होते. पाव किलो तूरडाळ मागितली की ॲप मात्र आधी पिनकोड विचारी आणि तो टाकताच हात जोडून सांगे, तुमच्या भागात आमची सेवा अद्याप नाही. भाऊच्या धक्क्याची लाँचही बंद. म्हणजे मुंबईचा एखादा कनवाळू मेव्हणा पिशवी धाडेल, तीही आशा नको.

शेवटी वाणीशेठच कामी आले. दुकानासमोर चुन्याची वर्तुळं आखलेली, त्यांत चपला रांगेत उभ्या आणि चपलांचे मालक सावलीला घोळक्याने गप्पा छाटत. अंतर निदान चपलांनी तरी पाळलं. यादीचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला की शेठ अंगठा दाखवत आणि मसुरीऐवजी मटकी धाडत. बदलून आणायला निघावं, तर नाक्यावर पोलीस. मुकाट्याने मटकी भिजत घालायची.

एप्रिल २०२१ मध्ये सरकारने किराण्याची दुकानं सकाळी ७ ते ११ एवढीच उघडी ठेवली. घरपोच सेवेला रात्री ८ पर्यंत मुभा. विषाणू अकरानंतर बाहेर पडतो, असा काहीतरी शोध लागला असावा. दिवसभराची गर्दी चार तासांत कोंबल्यावर त्याला दारोदार हिंडायची गरजच उरली नाही. त्याची घरपोच सेवा मात्र पिनकोड विचारत नव्हती.