चित्राचा कार्पेट एरिया

कलाप्रदर्शनाला येणाऱ्यांत चित्रं विकत घेणारे थोडे, चित्रं कळणारे त्याहून थोडे, आणि उरलेले सगळे आमचे तात्या.

तात्या गिरगावात आमच्याच मजल्यावर राहतात. मुंबई महानगरपालिकेच्या असेसमेंट खात्यात पस्तीस वर्षं काढली, म्हणजे लोकांच्या घरांची मापं घेतली आणि घरपट्टी बसवली. निवृत्त झाल्यावर काकू म्हणाल्या, ‘‘दुपारी घरात बसून माझी मापं काढू नका.’’ तेव्हापासून तात्या मंगळवारी जहांगीर आर्ट गॅलरीत जातात. मंगळवारीच का, तर तिथली प्रदर्शनं साधारण मंगळवारी बदलतात. चर्नी रोडहून चर्चगेट, तिथून ओव्हल मैदान कापून पायी. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत पाण्याची बाटली, चष्म्याचं घर आणि सवयीचा परिणाम म्हणून मोजपट्टी. एकदा रखवालदाराने मोजपट्टीवरून हटकलं. तेव्हापासून ते हवेतच, चित्रापासून चार बोटं अंतर राखून, वीत टाकतात.

चित्राकडे बघायची त्यांची पद्धत ठरलेली आहे. आधी खालची चिठ्ठी, मग किंमत, मग वीत, आणि वेळ उरला तर चित्र. मग माझ्या कानाशी येऊन, ‘‘चार बाय तीन. बारा चौरस फूट. अठरा लाख. म्हणजे फुटाला दीड लाख! अरे, हा मलबार हिलचा भाव झाला. आणि वर पार्किंग नाही.’’ फ्रेमसकट मोजलं तर बिल्टअप, फ्रेम सोडून मोजलं तर कार्पेट, हा भेदही त्यांनीच मला शिकवला. ‘मिक्स मीडिया’ असं लिहिलेलं दिसलं की म्हणतात, ‘‘काय काय घातलंय ते सांगायचं नाही, असा त्याचा अर्थ.’’

‘अनटायटल्ड’ या शब्दाशी तर त्यांचं हाडवैर. ‘‘टायटल क्लिअर नसेल तर वस्तू घेऊ नये,’’ हा पस्तीस वर्षांचा अनुभव. मी त्यांना सांगितलं, की वासुदेव गायतोंडे आपल्या गिरगावच्याच चाळीत वाढले, जे. जे.त शिकले, आणि त्यांचं एक ‘अनटायटल्ड’ 2021 साली लिलावात 39 कोटी 98 लाखांना गेलं. तात्या दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी जिन्यात गाठून एवढंच विचारलं, ‘‘टायटल क्लिअर नसताना?’’

विकल्या गेलेल्या चित्राशेजारी गॅलरीवाले लाल ठिपका लावतात. तात्या त्याला टिकली म्हणतात. टिकली दिसली की हळूच सांगतात, ‘‘हिचं ठरलं.’’ एकदा एका चित्राला पाच टिकल्या दिसल्या आणि त्यांचा चेहराच पडला. ते छापचित्र आहे, त्याच्या मोजक्या प्रती काढतात, त्याला एडिशन म्हणतात, एकेक प्रत गेली की एकेक ठिपका, असं समजावल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला.

फेब्रुवारीच्या सुमाराला काळा घोडा महोत्सव आला की तात्यांची दिवाळी. 1999 पासून चालू आहे आणि प्रवेश फुकट. रॅम्पार्ट रोवर पाय ठेवायला जागा नसते. निम्मी गर्दी मांडणशिल्पाकडे पाठ करून उभी असते, कारण फोटोत शिल्प मागे यायला हवं. अशा शेकडो अनोळखी फोटोंत तात्या कडेला वीत टाकताना सापडतील. महोत्सवाबद्दल त्यांचं एक मत मात्र मी कोणत्याही समीक्षकाच्या तोंडून ऐकलेलं नाही. ज्याच्यावरून या भागाला नाव पडलं तो सातव्या एडवर्डचा घोड्यावरचा पुतळा 1965 साली तिथून हलवला, तो पुढे राणीच्या बागेत गेला. नवा, बिनस्वाराचा घोडा आला 2017 मध्ये. ‘‘मधली बावन्न वर्षं तिथे घोडाच नव्हता,’’ तात्या म्हणतात, ‘‘आणि तरी सगळी मुंबई ‘काळ्या घोड्याला भेटू’ म्हणायची. यांच्या त्या कन्सेप्चुअल आर्टमध्ये याहून वेगळं काय असतं?’’ मला उत्तर सुचलं नाही. अजून सुचलेलं नाही.

पण तात्यांचा खरा पराक्रम महालक्ष्मीचा. 2023 पासून नोव्हेंबरात रेसकोर्सवर ‘आर्ट मुंबई’ भरतं. (‘‘नाहीतरी ती पैसे लावायचीच जागा.’’) भाचीने दोन पास दिले होते. तंबूत गारवा, पायाखाली गालिचा, आणि काळ्या साडीतल्या मुली अशा हळू बोलत होत्या की आत कुणी आजारी असावं. त्यातल्या एकीने तात्यांना एका चित्रासमोर वीत टाकताना पाहिलं आणि अदबीने विचारलं, ‘‘सर, आपण कलेक्टर आहात?’’

‘‘होतो,’’ तात्या म्हणाले. खात्याच्या नावातच ‘करनिर्धारण व संकलन’ आहे, तेव्हा ते खोटं बोलले असं म्हणता येणार नाही.

‘‘किती वर्षं कलेक्ट करत होतात?’’

‘‘पस्तीस.’’

‘‘ओ! मुख्यतः कोणत्या काळातलं?’’

‘‘जुनंच जास्त. काहींचं तर साठच्या दशकापासूनचं अडकलेलं होतं.’’

तिने खुर्ची आणली. कॉफी आणली. जाडजूड कॅटलॉग आणला. मी खांबाआड उभा राहून घाम पुसत होतो, आणि तात्या तिला शांतपणे सांगत होते, की वसुली करायची तर माणसाच्या दारात स्वतः जावं लागतं, फोनवर काम होत नाही. ती हे सगळं लिहून घेत होती.

डिझाइनच्या प्रदर्शनांचं त्यांना फारसं कौतुक नाही. तिथे खुर्च्यांवर बसता येतं, एवढाच त्यांचा उपयोग. तेही एकदा एका खुर्चीवरून उठवलं गेल्यानंतर कमी झालंय.

हसायला सोपं आहे, मीही हसतो. पण रेसकोर्सवर त्याच दुपारी एक जोडपं सोफ्याच्या कापडाचा तुकडा एकेका चित्राला लावून बघत होतं, आणि तेही घेणाऱ्यांतलं. एकदा जे. जे.च्या वार्षिक प्रदर्शनात एका विद्यार्थ्याचं छोटं जलरंगचित्र होतं: पावसातली चाळ, कठड्यावर वाळत घातलेलं आणि विसरलेलं एक धोतर. तात्या त्यापुढे उभे राहिले ते वीसेक मिनिटं. मी दोनदा खाकरलो. स्टेशनावर आल्यावर विचारलं, ‘‘काय भाव पडला?’’ तर म्हणाले, ‘‘मोजायचं राहिलं.’’

इतक्या वर्षांत तात्यांनी एकच कलाकृती विकत घेतली. जहांगीरबाहेरच्या फुटपाथवर बसणाऱ्या एका चित्रकाराकडून स्वतःचं पेन्सिलचित्र काढून घेतलं. ते तात्यांसारखं नाही, तिसऱ्या मजल्यावरच्या जोशांसारखं दिसतं. तरी काच लावून मोरीच्या दाराशेजारी टांगलंय. अंघोळीला जाताना काकू कपाळावरची टिकली काढतात आणि हाताशी येईल तिथे चिकटवतात. परवा गेलो तेव्हा त्या काचेच्या कोपऱ्यात चार टिकल्या होत्या.

माझी नजर तिकडे गेलेली तात्यांनी पाहिली. ‘‘एडिशन आहे,’’ म्हणाले, आणि काकूंना चहा टाकायला सांगितला.